जुगाईची गाडी आणि माझा हात

गेल्या पावसाळ्यात माझ्या अंगावरून वारं गेलं. डॉक्टरांनी त्याला दुसरं नाव दिलं, पण मला आमच्याकडचंच नाव पटतं. खरोखरच काहीतरी आलं, अंगावरून गेलं आणि जाताना उजव्या हातातलं बळ घेऊन गेलं. पाय बचावला. तोंड जरा वाकडं झालं होतं, ते सरळ झालं. जीभही शाबूत राहिली. जीभ राहिली याचा आमच्या हिला आनंद जास्त झाला की मनस्ताप, ते तिलाच विचारायला हवं. हात मात्र गेल्यातच जमा होता. दिसायला तो जिथल्या तिथे होता, बोटं हलत होती, मूठ वळत होती. पण कप धरला की धरल्यासारखा वाटायचा आणि बघतो तर कप जमिनीवर. जोर लावायला गेलो की कोपरापासून खाली सगळा हात लटलटायचा. खुर्चीत बसून काम करणाऱ्याने डाव्या हाताने कसंबसं निभावलं असतं. मी पडलो मेकॅनिक.

मिरजोळ्यात औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी माझं गॅरेज आहे. पुढे पत्र्याची शेड, मागे घर आणि मध्ये अंगणात फणस. टेम्पो, छोटे ट्रक, मासळीच्या गाड्या यांच्यात माझं आयुष्य गेलं. दुखण्यानंतर महिनाभर लोक वाट बघत थांबले, मग हळूहळू दुसरीकडे जायला लागले. त्यांचं काही चुकलं नाही. गाडी बंद ठेवून पोट कुणाचं भरतं? हाताखालचा माणूस शहरातल्या दुसऱ्या गॅरेजात लागला. मी सकाळी शटर उघडायचो, खुर्ची टाकून बसायचो आणि दुपारी शटर ओढायचो. शिमगा झाला की शेड भाड्याने देऊन टाकायची, असं मी ठरवत आणलं होतं. एक फरशीवाला येऊन जागा बघूनही गेला. हत्यारांचं काय करायचं, ते मात्र मी हिला सांगितलं नव्हतं, कारण ते माझं मलाच ठरवता येत नव्हतं.

देवाशी तर मी बोलणंच टाकलं होतं. मी काही फार देवभोळा माणूस नव्हे, पण शटर उघडल्यावर उदबत्ती लावून हत्यारांच्या फळीला हात जोडायचे, हा इतक्या वर्षांचा शिरस्ता. दवाखान्यातून आल्यावर तो मोडला. ही रोज देवापुढे दिवा लावून म्हणायची, "अहो, नमस्कार तरी करा." मी म्हणायचो, "नमस्काराला दोन हात लागतात. त्याने एकच ठेवलाय, त्याला चालत असेल तर करतो." तिला वाईट वाटायचं, ते मला दिसायचं, आणि तरी मी बोलायचो. मनात मात्र दिवसरात्र एकच मागणं चालू होतं. हात दे, हात दे, बाकी काही नको. ज्याच्याशी बोलत नाही त्याच्याकडेच मागतोय, हे कळत होतं, त्यामुळे राग आणखीच वाढायचा. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या उजव्या हाताची मूठ डाव्या हातात धरून बसायचो. कुणाचं काय वाईट केलं होतं मी, हा प्रश्न किती वेळा घोळवला असेल, त्याला गणतीच नाही.

शिमगा आला. आमच्या गावी ग्रामदेवीची पालखी घरोघर फिरते आणि मुंबईपासून कुठून कुठून माणसं तिच्यासाठी येतात. मी गेलो नाही. गेलो असतो तर प्रत्येक जण हाताची चौकशी करणार, औषधं सुचवणार, आणि मी कुणाला तरी तोडून बोलणार. ही एकटी जाईना, म्हणून आम्ही दोघं मिरजोळ्यातच राहिलो. वसाहतीतले कारखाने बंद, रस्ता ओस, ऊन असं की शेडचा पत्रा कडकड वाजत होता.

जेवून जरा पाठ टेकली होती, तेवढ्यात लांबून ढोलताशा ऐकू आला. आवाज जवळ जवळ येत गेला, मग मोठा बार उडाल्यासारखं झालं आणि ढोल थांबला. शिमग्यात फटाका वाजला तर त्यात काय नवल, म्हणून मी कूस बदलली. पण थोड्या वेळाने माणसांचा गलका फाटकाशी आला. उठून बघतो तर दहा-पंधरा माणसं एक छोटा ट्रक ढकलत आणत होती. ट्रकला झेंडूच्या माळा, आंब्याचे टहाळे. मागून चौघे जण खांद्यावर पालखी घेऊन उन्हातून चालत येत होते. शेल्यांनी सजवलेली पालखी, आत देवीचे चांदीचे मुखवटे, ज्यांना आम्ही रूपं म्हणतो. मी बनियनवर होतो. तसाच उभा राहिलो.

ती सावर्ड्याच्या आतल्या अंगाच्या एका गावची जुगाई होती. रत्नागिरीच्या पलीकडे किनाऱ्यावर तिच्या बहिणीचं देऊळ. काही वर्षांनी एकदा थोरली जुगाई धाकटीला भेटायला जाते आणि दिवस मावळायच्या आत दोघींच्या पालख्या समोरासमोर नाचतात. पूर्वी हा सगळा प्रवास पायी व्हायचा. आता गावात तरणी माणसं उरली किती? म्हणून महामार्गाचा पल्ला ट्रकने करतात, तोही पालखी ट्रकात टेकवून नाही; मागच्या हौद्यात भोई ती खांद्यावर धरून उभे राहतात. पालखी टेकते ती सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या दगडी ओट्यावर. दुसरीकडे कुठेही नाही.

ट्रकचा चालक संतोष म्हणून त्याच गावचा होता. घामाने निथळत होता आणि रडकुंडीला आला होता. त्याने सीट उचलून दाखवलं. सीटखाली इंजिन असतं या गाड्यांना, आणि सीएनजीवर चालणाऱ्या इंजिनाला प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर एक प्लग असतो, ठिणगी पाडायला. त्यातला एक प्लग भोकातून सुटून बाहेर उडाला होता. तोच आम्ही ऐकलेला बार. मी प्लग हातात घेतला. त्याच्या स्क्रूसारख्या आट्यांमध्ये हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या डोक्याकडच्या भागाच्या, ॲल्युमिनिअमचा कीस गुंडाळलेला होता. म्हणजे भोकातले आटे प्लगबरोबर उपटून आले होते आणि आता भोक गुळगुळीत. त्यात कितीही नवा प्लग घातला तरी तो धरणार कशाला?

"प्लग कधी बदललास?" मी विचारलं.

"काल," संतोष म्हणाला. "देवी बसणार गाडीत, म्हणून सगळं नवीन घातलं. गाडी धुतली, ऑइल बदललं, प्लग नवीन. आनि वाटेत ढिला होऊ नये म्हणून पायाचा रेटा देऊन आवळला, मिस्त्री."

मला हसावं की रडावं कळेना. तापलेल्या इंजिनात, मऊ धातूच्या हेडमध्ये, भक्तीने पायाचा रेटा! बरं, आटे तुटल्यावर प्लगाच्या बाजूने गॅस फुसफुसत असणार, इंजिन टकटक करत असणार. ते ऐकू आलं असतं तर वेळीच थांबता आलं असतं. पण मागे हौद्यात ढोलताशा जोरात आणि पुढे हा ताल धरून गाडी चालवतोय. इंजिनाने बिचाऱ्याने सावर्ड्यापासून ओरडून सांगितलं असेल, ऐकायला होतं कोण?

दुरुस्ती मला माहीत होती. टॅपने, म्हणजे आटे कापायच्या हत्याराने, भोक थोडं मोठं करत त्यात नवे आटे पाडायचे. मग तारेच्या वेटोळ्यासारखं पोलादी इन्सर्ट त्यात बसवायचं आणि त्यात प्लग. सगळं सामान माझ्या फळीवर होतं. हेड न उतरवता हे काम मी पूर्वी कितीदा केलं आहे. पण ते सगळं हाताचं काम. खोल खळग्यात टॅप सरळ उभा धरायचा आणि पहिला आटा अचूक पाडायचा. तो कणभर तिरका गेला की टॅप तिरकाच जात राहतो, मग हेड उतरवून शहरात न्यायचं, आणि शिमग्यात तिथे कुणी भेटलं पाहिजे. मी संतोषला हात दाखवला. बोटं पसरून धरली तशी ती थरथरली. "माझ्याच्याने व्हायचं नाही," मी म्हणालो. "दुसरी गाडी बघा."

दुसरी गाडी मिळतही होती. त्यांच्यातल्या एकाचा मेहुणा रत्नागिरीत होता, त्याचा पिकअप रिकामा होता. त्याने फोनही लावला. पण देवीबरोबर आलेले म्हातारे गुरव पुढे झाले आणि म्हणाले, देवी एकदा गाडीत उभी राहिली की तिला न विचारता गाडी बदलता येत नाही. कौल घ्यायला हवा. त्यांनी तांब्यातलं पाणी घेतलं, दोन पाकळ्या भिजवून रूपाच्या दोन्ही गालांवर लावल्या. डोळे मिटून त्यांनी विचारलं, थांबायचं असेल तर उजवी दे, गाडी बदलायची असेल तर डावी. सगळे पाकळ्यांकडे बघायला लागले. मीही बघत राहिलो, नाही कशाला म्हणू. बराच वेळ काही झालं नाही, आणि मग उजवी पाकळी घसरून खाली पडली.

"थांबायला सांगतेय," गुरव म्हणाले आणि सगळे माझ्याकडे वळले.

मला असा राग आला की काय सांगू. मनात म्हटलं, सांगायला तुझं काय जातंय, हात तुझा नाही. वारं गेल्यापासून मी जे मागतोय ते द्यायचं नाही, आणि वर भर उन्हात माझ्या दारात येऊन तेच काम मागायचं! मी तरातरा आत गेलो. ही देवघराच्या दारात उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, ती काहीतरी समजूत घालेल. तिने फक्त माझा कामाचा शर्ट खुंटीवरून काढून पुढे केला. तो तिने धुऊन, इस्त्री करून ठेवला होता. इस्त्री केलेला कामाचा शर्ट मी जन्मात पाहिला नव्हता. मी तो घातला. बटणं तिने लावली.

फणसाच्या सावलीत पालखी खांद्यावर घेऊन चौघे उभे होते. मी म्हटलं, निदान माझ्या लोखंडी टेबलावर टेकवा, वर धूतवस्त्र घालतो. गुरवांनी हसून मान हलवली. थकले की दुसरे चौघे खांदा द्यायचे आणि पहिले सावलीत बसून पाणी प्यायचे. ही कळशीने पाणी आणून देत होती. माझ्या हाताला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ ही माणसं अशीच उभी राहणार, हे मला दिसत होतं. डोक्यावर कुणी घड्याळ टांगलं असतं तरी इतकं जड झालं नसतं.

इंजिन निवल्यावर मी सुरुवात केली. पिस्टन खाली घेतला, म्हणजे टॅप त्याला लागायला नको. भोक पुसलं. टॅपच्या खाचांमध्ये ग्रीस भरलं, म्हणजे निघणारा कीस ग्रीसला चिकटतो आणि सिलिंडरमध्ये पडत नाही. हे सगळं डाव्या हाताने जमलं. मग लांब दांडीला लावलेला टॅप खळग्यात सोडला, डाव्या हाताने दांडीची मूठ धरली आणि वरून दाब देऊन फिरवला. डावा हात माझा धड असला तरी अडाणी. टॅप एका अंगाला कलला. मी ताबडतोब उलटा फिरवून काढला, टॉर्च मारून बघितलं. भोकाच्या तोंडावर तिरका ओरखडा उठला होता. फार नव्हता, पण पुन्हा तसाच पडला तर सगळं संपणार. मग उजव्या हाताची मदत घ्यायला गेलो. त्याने जोर लावायचा म्हटल्याबरोबर लटलटायला सुरुवात केली, दांडी खडखड वाजायला लागली. मी टॅप बाहेर काढून फडक्यावर ठेवला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते घामाचं होतं असं मी तेव्हा सगळ्यांना दाखवलं, इथे खोटं लिहिण्यात अर्थ नाही.

टॉर्च धरायला एक माणूस माझ्याजवळ उभा होता. भिकूदादा म्हणत होते त्यांना. साठी उलटलेले, काटक, खांद्यावर दांडीचा जुना घट्टा. नुकतेच पालखी दुसऱ्याच्या खांद्यावर देऊन आले होते. ते जरा घुटमळले आणि म्हणाले, "एक बोलू का? रागावणार नाय ना?"

"बोला."

"तुमी ढकलताव."

मी मान वर केली.

"पालकी खांद्यावर घेतली ना, की नवीन मानूस ढकलायला बगतो," भिकूदादा सांगायला लागले. "त्येला वाटतं आपनच नाचवतोय तिला. मंग ती वाकडी जाते, त्येचा खांदा सोलवटतो, बाकीच्यांचे पाय चुकतात. आमचे आजे सांगायचे, खांदा निसता खाली ठेव. ती जाईल तिकडं जा."

"दादा, ही पालखी नव्हे," मी चिडून म्हणालो. "हे पोलाद आहे. याला देवी फिरवत नाही, मला फिरवावं लागतं."

"मंग फिरवा की. नको कोन म्हंतंय?" ते शांतपणे म्हणाले. "पन जोर कशाला लावताव? हाय तेवडा हात ठेवा त्येच्यावर. पुडचं पुडं बगू."

आता यात त्यांनी मला नवीन काही सांगितलं असं नाही. टॅप लावताना जोर करू नये, त्याला आपली वाट धरू द्यावी, हे मी हाताखालच्या प्रत्येकाला ओरडून ओरडून शिकवलं होतं. पण दुखण्यानंतर मी स्वतःच ते विसरलो होतो. माझं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर होतं, की गेलेला जोर परत आणून दाखवायचा. कप धरताना, बटण लावताना, मूठ वळताना, प्रत्येक वेळी मी त्या हाताशी कुस्ती खेळत होतो. आणि त्याच्यात नव्हतं तेच मी त्याच्याकडून मागत होतो. हे सगळं त्या क्षणी असं मांडून कळलं नाही हो. तेव्हा फक्त एवढंच वाटलं की आता आपल्याकडे काही उरलेलं नाही, तर म्हातारा म्हणतो तसं करून बघू.

"मग इथे धरा," मी म्हणालो आणि त्यांची दोन बोटं दांडीच्या मधोमध टेकवली. "दाबू नका. नुसती सरळ उभी राहू द्या." माझ्या कामाला दुसऱ्याने बोट लावलेलं मला कधी खपलेलं नाही. टॉर्च त्यांनी दुसऱ्या हातात धरला. मी उजवा हात मुठीवर ठेवला, जोर न लावता, झोपलेल्या मुलाच्या पाठीवर ठेवावा तसा. डावा हात त्याच्यावर. आणि थांबलो. किती वेळ थांबलो मला सांगता येणार नाही. फणसाखाली गुरव काहीतरी पुटपुटत होते, पत्रा मधूनच वाजत होता. हात थरथरला नाही. जोर लावायचाच नव्हता, मग तो कशाला थरथरेल? मग मूठ जराशी वळली. मी वळवली असेन, दुसरं कोण वळवणार? पण वळवल्यासारखं मला वाटलं नाही, एवढं मी नक्की सांगू शकतो. उजव्या हाताच्या बोटांना, ज्यांना गरम कपही नीट कळत नव्हता, त्या बोटांना टॅपची धार धातूत रुतल्याचं कळलं. बारीकशी कुरकुर, आणि मग ती वाट धरल्याची खूण, जी आमच्या धंद्यातल्या माणसाला झोपेतही ओळखता येते. पहिला आटा सरळ पडला होता.

"गेला?" भिकूदादांनी विचारलं.

"गेला," मी म्हणालो.

नंतरचं काम म्हणजे धीराचं काम. थोडं पुढे, थोडं मागे, टॅप बाहेर काढून ग्रीसमधला कीस पुसायचा, नवीन ग्रीस भरून पुन्हा आत. जोर लावायची घाई झाली की हात सूचना द्यायचा, मी थांबायचो. बऱ्या हाताने कदाचित मी घाई केली असती. आटे पुरे झाल्यावर हवा मारून भोक साफ केलं, इन्सर्ट फिरवत फिरवत आत बसवलं, त्याची खालची जीभ मोडून चिमट्याने जपून बाहेर काढली. मग संतोषला बोलावलं आणि त्याच्याच बोटांनी प्लग बसवायला लावला. "बोटांनी जाईल तेवढा ने," मी म्हणालो, "आणि मग पाना मी म्हणेन तेवढाच फिरव. पाय खाली ठेव." माणसं हसली. कितीतरी वेळाने त्या अंगणात कुणी हसत होतं. गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. इंजिनाचा एकसारखा आवाज येत होता, कुठे टक नाही, फुस्स नाही. मी डोळे मिटून ऐकत राहिलो.

ऊन कललं होतं आणि त्यांना निघायची घाई होती. तरी गुरव म्हणाले, देवी दारात आली ती घरात न येता जायची नाही. भोयांनी पालखी फणसाभोवती फिरवली आणि घराच्या पायरीशी आणून धरली. हिने घाईघाईने नारळ, तांदूळ, हळदकुंकू काढून देवीची ओटी भरली. साडी काही बदलता आली नाही, म्हणून ती सारखी पदर सावरत होती. मग गुरवांनी गाऱ्हाणं घालायला घेतलं. आमच्याकडे पालखी घरी आली की घरधन्याच्या वतीने देवीकडे मागणं मागतात, त्याला गाऱ्हाणं म्हणतात. गुरव घरातलं दुखलंखुपलं देवीच्या कानावर घालतात आणि भोवतीची माणसं त्यांच्या प्रत्येक वाक्याला होकार देतात. गुरवांनी हातात नारळ घेतला, देवीला हाक मारली, वाटेतली अडचण सांगितली, आणि माझ्याकडे वळून विचारलं, "मिस्त्री, तुमचं काय मागनं हाय? सांगा आईला."

इतके महिने माझं एकच मागणं होतं. ते पाठ झालं होतं, झोपेत उठवून विचारलं असतं तरी तेच सांगितलं असतं. आणि आता साक्षात देवी दारात, गुरव विचारतायत, पंधरा माणसं होकार द्यायला उभी आहेत. मी दोन्ही हात जोडले. कसे जोडले गेले ते लक्षातही आलं नाही. तोंड उघडलं आणि म्हणालो, "दिवस मावळायच्या आत गाडी पोचू दे. वाटेत बंद पडू नये."

गुरवांनी विचारलं, "आनि घरासाटी?"

मी खरंच आठवून बघितलं. "एवढंच," मी म्हणालो.

गुरवांनी तेवढंच देवीला सांगितलं, सगळ्यांनी एका आवाजात होकार दिला, आणि मागे ही तोंडाला पदर लावून रडायला लागली. मला वाटलं, ओटीत काही कमी पडलं म्हणून रडते.

तिन्हीसांजेला संतोषचा फोन आला. वेळेत पोचले होते, बहिणी भेटल्या होत्या, मागे ढोलांचा नुसता दणदणाट चालला होता. तो ओरडून सांगत होता, की मिरजोळ्यापासून शेवटपर्यंत गाडीत कुणी ढोलाला हात लावला नाही. सगळे जण इंजिन ऐकत गेले. मी त्याला पुढचे काही दिवस प्लगवर लक्ष ठेव म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. मग दिवा न लावता ओटीवर बसून राहिलो. ही चहा घेऊन आली, माझ्या शेजारी टेकली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "अहो, हात मागायचा राहिला की." मी म्हणालो, "राहिला." आणि आम्हाला दोघांनाही हसू आलं, इतकं की चहा निवून गेला.

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. हात पहिल्यापेक्षा थोडा बरा आहे, पण पूर्वीचा नाही आणि तसा होणारही नाही, असं डॉक्टर म्हणतात. कप अजून फुटतात. त्या दुपारी बोटांना जे कळलं त्याबद्दल मी डॉक्टरांना सांगितलं. असं कधीकधी होतं म्हणाले. होत असेल. त्यांच्याशी वाद घालायचं मला काही कारण नाही, आणि पाकळी ओली होती, कधीतरी पडणारच होती, हेही मला कळतं. फरशीवाल्याला नाही म्हणून सांगितलं. कामं घेतो, जमतील तेवढी. जिथे अडतं तिथे गाडीवाल्यालाच म्हणतो, या इकडे, हे जरा धरा. लोक आनंदाने धरतात. मला वाटायचं, मदत मागितली की माणूस कमी होतो. तसं काही होत नाही, उलट दोन गोष्टी बोलणं होतं आणि काम सरळ जातं.

सकाळी शटर उघडलं की उदबत्ती लावतो. ती लावताना देवीजवळ काय बोलावं, हे पहिले काही दिवस सुचेना, कारण इतके महिने मागण्याचीच सवय होती. आता जी गाडी दारात असेल तिचं नाव घेतो. अमक्याचा टेम्पो आहे, तमक्याची रिक्षा आहे, तू बघ, माझा आहे तेवढा हात मी ठेवतो. जुगाई माझ्या गावची नव्हे, तिच्या देवळात मी अजून गेलेलो नाही. पण त्या दुपारी मी तिच्याशी बोलत नसताना ती उन्हातून माझ्या दारापर्यंत आली, आणि काम होईपर्यंत खाली टेकली नाही. मला जे हवं होतं ते मी मागायचं विसरलो, यासारखी कृपा माझ्यावर आजवर कुणी केलेली नाही.